डिस्क गोल्फ खेळत कॅलिफोर्नियाचा किनारा: वाटेत कुठे थांबायचं, काय पाहायचं?

उन्हाळा जवळ आला की मंडळातल्या मैत्रिणींचे, त्यांच्या मुलांचे आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. सॅन फ्रान्सिस्कोपासून सॅन डिएगोपर्यंत डिस्क गोल्फ खेळत जायचं आहे, पण घरात खेळणारे दोनच आणि न खेळणारे चार, मग बेत कसा आखायचा? आम्ही हा प्रवास बऱ्याचदा केला आहे. मी आणि मुलगा खेळतो, नवरा फोटो काढतो आणि बहुतेक वेळा सांगलीहून आलेल्या सासूबाई बरोबर असतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

डिस्क गोल्फ म्हणजे काय? पाहुण्यांना कसं समजवायचं?

गोल्फच, पण काठी आणि चेंडूऐवजी हाताने फेकायची डिस्क. टी म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेक, असं करत साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी बास्केटपर्यंत पोचायचं. टीपासून बास्केटपर्यंतच्या एका टप्प्याला होल म्हणतात. कमीत कमी फेकींत कोर्सचे १८ होल पूर्ण करणारा जिंकतो. पिशवीत निदान तीन प्रकारच्या डिस्क असतात. लांब जाणारा पातळ कडेचा ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी मिडरेंज आणि बास्केटजवळ वापरायचा पटर. सासूबाई सगळ्यांनाच ‘ताटल्या’ म्हणतात आणि आमच्या घरात आता तोच शब्द रुळला आहे.

आधी कोर्स ठरवायचे की प्रेक्षणीय स्थळं?

आधी कोर्स. पण मोजकेच, आणि तेही सकाळचे.

पहिल्या वर्षी आम्ही उलट केलं. पाहायच्या जागांची भलीमोठी यादी केली आणि उरलेल्या वेळात खेळू म्हणालो. वेळ उरलाच नाही. दोन कोर्सवर अंधार पडता पडता पोचलो, चार-पाच होल खेळलो आणि मुलाची आवडती डिस्क झुडपात गेली ती सापडलीच नाही. तेव्हापासून मी सकाळचे तीन तास खेळासाठी राखून ठेवते. सकाळी वारा पडलेला असतो, ऊन नसतं आणि बागेत गर्दीही नसते. संग्रहालयं, मत्स्यालयं दहा-साडेदहाच्या आत धड सुरूच होत नाहीत, म्हणजे त्यांचा वेळ आपण खात नाही.

कोर्स ठरला की नकाशावर त्याच्यापासून पंधरा-वीस मिनिटांत काय आहे ते बघायचं. तासभर लांब असलेली जागा कितीही नावाजलेली असो, त्या दिवशी ती नको. ती दुसऱ्या दिवशी वाटेवर येते का ते बघावं, नाहीतर सोडून द्यावी.

एका दिवसात किती गोष्टी बसतात?

एक कोर्स आणि एक मोठं ठिकाण. त्यात एखादा समुद्रकिनारा किंवा रस्त्याकडेचा थांबा आपोआप मिळतो. दोघांना १८ होल खेळायला साधारण दीड ते दोन तास लागतात. चौघं असाल तर अडीच धरा आणि शनिवार-रविवारी त्यात अर्धा तास मिळवा. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन कोर्स खेळता येतात, पण मग बरोबरच्यांची सहल होत नाही, त्यांची फक्त गाडीत ने-आण होते.

एकूण किती दिवस हवेत?

निदान सहा. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे अंतर आतल्या इंटरस्टेट ५ वरून सहा तासांत कापता येतं, त्यामुळे नवीन माणसाला सहा दिवस जास्त वाटतात. पण हायवे १ किनाऱ्याला चिकटून वळणं घेत जातो आणि त्यावर दर दहा मिनिटांनी थांबावंसं वाटतं. चारच दिवस असतील तर सॅन डिएगो गाळा आणि लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडीनाला प्रवास संपवा.

सॅन फ्रान्सिस्कोत कुठे खेळायचं, आणि बाकीच्यांनी तोवर काय करायचं?

गोल्डन गेट पार्कमध्येच १८ होलचा कोर्स आहे, मार्क्स मेडोच्या बाजूला. उंच झाडांमधून फेकावं लागतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी धुकं इतकं खाली असतं की झाडांवरून पाणी ठिबकत असतं. डिस्क ओली झाली की हातातून सटकते. यासाठी मी पंचा नेते, आपला साधा पांढरा सुती पंचा. जाड टॉवेल एकदा भिजला की दुपारपर्यंत ओलाच राहतो. पंचा पिळून पिशवीच्या पट्ट्याला बांधला की तीन होलांत कोरडा होतो.

न खेळणाऱ्यांसाठी याहून सोपा कोर्स नाही. पश्चिमेला थोडं चाललं की गवे दिसतात. या बागेत १८९०च्या दशकापासून अमेरिकन बायसन पाळले आहेत. आणखी पुढे गेलं की १९०३ची डच पवनचक्की आणि त्यापलीकडे समुद्र. पूर्वेला १८९४च्या प्रदर्शनापासून असलेली जपानी चहाबाग, डी यंग कलासंग्रहालय आणि कॅलिफोर्निया अॅकॅडमी ऑफ सायन्सेस आहे. लहान मुलं असतील तर अॅकॅडमी, नाहीतर चहाबाग. दोन्ही एका दुपारी नकोत.

एक गोष्ट फार महत्त्वाची. या शहरात गाडीच्या काचा फोडून सामान चोरण्याचे प्रकार होतात. सीटवर पिशवी, जॅकेट, चार्जर, काहीही दिसता कामा नये. सामान डिकीत ठेवायचं ते निघतानाच ठेवावं, तिथे पोचल्यावर सगळ्यांदेखत नको.

सांता क्रूझचं डेलाव्हेगा इतकं नावाजलेलं का आहे? न खेळणाऱ्यांना तिथे न्यावं का?

जरूर न्यावं. माझ्या मते या सगळ्या प्रवासात खेळ आणि देखावा एकत्र मिळण्याची सगळ्यात चांगली जागा हीच आहे.

डेलाव्हेगा हा कोर्स १९८४ पासून आहे आणि इथे अठराहून जास्त होल आहेत. डोंगरउतारावर, ओकच्या दाट झाडीत, दऱ्यांच्या कडेकडेने होल काढलेले आहेत. बास्केट चुकली की डिस्क घरंगळत पार खाली जाते, म्हणून इथे ताकदीपेक्षा संयम लागतो. सत्ताविसाव्या होलचं नाव ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’. तिथे झाडी अचानक संपते आणि समोर माँटरेचा उपसागर पसरलेला असतो. टीवरून फेकलेली डिस्क आधी आभाळात, मग पाण्यावर, मग झाडांवर दिसते आणि खाली पडायला इतका वेळ घेते की फेकणारा आणि बघणारे सगळेच गप्प होतात.

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या इतकं चालतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी काठी घेतली, एका वहीत खेळणाऱ्यांच्या नावाचे रकाने पाडले आणि प्रत्येक होलला साखळीचा ‘खळ्ळ’ आवाज झाला की खूण केली. सत्ताविसाव्यावर त्या टीच्या मागे पाच-सहा मिनिटं उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “अगं, हे दाखवायचं होतं तर गाडीतच सांगायचंस, मी शाल आणली असती.” वर वारा खरंच गार असतो. तेव्हापासून शाल आमच्या यादीत आहे.

कोर्स चालू आहे का, कुठले होल बंद आहेत, हे आदल्या दिवशी बघून घ्या. यूडिस्क या अॅपवर खेळाडूच ताजी माहिती टाकत असतात आणि होलचे नकाशेही असतात. नंतर पाहायला बोर्डवॉक ही किनाऱ्यावरची करमणुकीची जत्रा आहे, १९०७ पासूनची. तिथला ‘जायंट डिपर’ हा लाकडी रोलर कोस्टर १९२४चा आहे आणि अजून धडधडत चालतो. ज्यांना गलका नको त्यांनी जवळच्या फेल्टनला हेन्री काउल पार्कमधल्या रेडवूडच्या रानात जावं. झाडाच्या बुंध्याला टेकून वर बघितलं की शेंडा दिसत नाही. बे एरियातून येत असाल तर उन्हाळ्यातल्या शनिवारी हायवे १७ला आठच्या आत लागा. किनाऱ्यावर जाणारे सगळे त्याच एका घाटात असतात.

खेळताना हातापायावर पुरळ उठलं, हे कशामुळे?

बहुधा पॉयझन ओक. नावात ओक असलं तरी ते ओक नाही. तीन-तीन पानांचं, कधी झुडूप तर कधी वेल, आणि शरद ऋतूत पानं लाल होतात. आपल्याकडच्या माणसाला एका वाक्यात समजावता येतं: बिब्बा उततो तसं उततं. खरंच, ही एकाच कुळातली झाडं आहेत. बिब्बा, काजू, आंबा आणि पॉयझन ओक. ज्यांना आंब्याच्या चिकाने ओठ उततात किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने फोड येतात, त्यांनी इथे जास्त जपावं.

डिस्क झुडपात गेली तर सरळ हात घालू नका. काठीने किंवा दुसऱ्या डिस्कने बाहेर ओढा. त्याचं तेल कपड्यांवर, डिस्कवर, बुटांच्या नाड्यांवर राहतं. एकदा मी हात घातला, तशीच गाडीत बसले आणि दोन दिवसांनी माझ्यापेक्षा जास्त पुरळ नवऱ्याच्या तळहातांवर आलं, कारण माझ्यानंतर स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. म्हणून आता डिकीत साबण, पाण्याची बाटली आणि एक वेगळी पिशवी असते. लगेच गार पाण्याने साबण लावून धुतलं तर बरंचसं टळतं. चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ आलं तर डॉक्टरकडे जा, घरगुती उपाय करत बसू नका. रॅटलस्नेकही या भागात असतात, त्यामुळे उंच गवतात पाय टाकण्याआधी बघावं.

माँटरेत काय?

रायन रँच हा कोर्स शहराच्या कडेला आहे. कोरडी ओकची झाडी आणि चढउतार, सकाळचे दोन-अडीच तास छान जातात. मग माँटरे बे अॅक्वेरियम. हेही १९८४ सालीच उघडलं, कॅनरी रो वरच्या सार्डिन डबाबंद करायच्या जुन्या कारखान्याच्या जागी. तिथे केल्प या समुद्री शेवाळाचं तीन मजली उंच टाकीतलं जंगल आहे, त्यासमोर जमिनीवर बसायचं आणि उठायची घाई करायची नाही. तिकीट महाग आहे आणि आधी काढावं लागतं, म्हणून दुपारी एकनंतरचा बेत ठेवा, म्हणजे खेळ लांबला तरी जिवाला घोर नाही.

फुकटात समुद्री ऊदमांजरं पाहायची असतील तर वाटेतल्या मॉस लँडिंगला थांबा. पाठीवर तरंगत, पोटावर दगड ठेवून शिंपले फोडताना दिसतात.

बिग सरमध्ये खेळायला कुठे थांबायचं?

त्या दिवशी डिस्क डिकीतच राहू द्या. कार्मेल ते सान सिमियन हे अंतर नव्वद मैलांच्या आसपास आहे, पण दिवस पुरत नाही. १९३२ सालचा बिक्सबी पूल, ज्यूलिया फायफर बर्न्स पार्कमधला समुद्राच्या वाळूवर पडणारा ८० फुटी मॅकवे धबधबा, आणि मधल्या प्रत्येक वळणावरचा समुद्र. खेळाडूंनी इथे एक दिवस बाकीच्यांना द्यावा. आमच्या घरात हा अलिखित करार आहे आणि त्यामुळे उरलेल्या दिवसांत कुणी कुरकुर करत नाही.

पेट्रोल कार्मेललाच भरा, मधे फार महाग आहे. मोबाइलला बराच वेळ रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा. पुलापाशी गाडी रस्त्यावर अर्धी बाहेर ठेवून फोटो काढू नका. मागून वळणावरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

हायवे १ बंद असेल तर सगळा बेत फसतो का?

नाही, पण पर्याय आधीच ठरवलेला हवा. इथे डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि पावसाळी हिवाळ्यानंतर दरडी कोसळतात. २०१७च्या मे महिन्यात मड क्रीकची दरड इतकी मोठी होती की रस्ता सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. आपल्या घाटांसारखं दोन दिवसांत माती उपसून वाहतूक सुरू होत नाही. निघायच्या आठवड्यात आणि त्या दिवशी सकाळी, दोन्ही वेळा कॅलट्रान्स या राज्याच्या रस्तेखात्याचा नकाशा बघा.

बंद असेल तर उत्तरेकडून बिक्सबी पुलापर्यंत किंवा जिथवर सोडतात तिथवर जाऊन परत फिरा, मग हायवे १०१ने सॅलिनासवरून पासो रोब्लेसला या आणि तिथून हायवे ४६ने कँब्रियाला उतरा. हा ४६ चा रस्ता फार सुंदर आहे. पिवळ्या गवताच्या टेकड्यांवरून उतरताना दूरवर किनाऱ्यावरचा मोरो रॉक हा मोठा खडक दिसतो. नाइलाजाने घेतलेली वाट आहे असं वाटतच नाही.

सान सिमियन ते सांता बार्बरा या पट्ट्यात नेमकं काय निवडावं?

इथे निवड करावीच लागते. हर्स्ट कॅसल हा वर्तमानपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचा डोंगरावरचा महाल. ज्यूलिया मॉर्गन या स्त्री वास्तुविशारदाने १९१९ पासून पुढची जवळजवळ तीन दशकं त्यावर काम केलं. मार्गदर्शकाबरोबरच आत जाता येतं आणि तिकीट आधी काढावं लागतं. मला स्वतःला त्या दालनांपेक्षा तिथून थोडं उत्तरेला असलेला पिएड्रास ब्लांकासचा किनारा जास्त आवडतो. लाकडी वाटेवर उभं राहायचं आणि खाली एलिफंट सील पसरलेले बघायचे. नर दोन टनांच्या घरात जातात. डिसेंबर ते फेब्रुवारीत पिल्लं जन्मतात, वसंतात आणि उन्हाळ्यात ते कात टाकायला येतात. पैसे पडत नाहीत आणि वयस्कर माणसांनाही गाडीपासून पाच पावलांत सगळं दिसतं.

खेळायला सान लुईस ओबिस्पोचा लगुना लेक किंवा सांता मारियाचं वॉलर पार्क. दोन्ही घरगुती वाटणाऱ्या बागा आहेत. मुलं झोपाळ्यावर, आजी बाकावर आणि आपण कोर्सवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जात असाल तर पिस्मो बीचला निलगिरीच्या फांद्यांना लगडलेली मोनार्क फुलपाखरं पाहा. सॉल्व्हँग हे डेन्मार्कच्या लोकांनी १९११ साली वसवलेलं गाव वाटेवरच आहे. तिथले एब्लेस्किवर हे गोल डॅनिश पॅनकेक आपल्या आप्प्यांच्याच पात्रासारख्या पात्रात करतात, आणि सासूबाईंनी ते खिडकीतून बराच वेळ पाहिले.

ओहायला वाकडी वाट करून जाण्यात अर्थ आहे का?

मराठी माणसाला तर नक्कीच. ओहाय हे सांता बार्बराच्या पुढे, किनाऱ्यापासून जरा आत असलेलं गाव. जवळच लेक कॅसिटास आहे. १९८४च्या ऑलिंपिकमधल्या नौकांच्या शर्यती याच तलावात झाल्या. तलावाच्या मनोरंजन क्षेत्रात डिस्क गोल्फचा कोर्स आहे, फक्त गाडीमागे प्रवेशशुल्क द्यावं लागतं. सकाळी पाण्याकाठी खेळून दुपारी ओहायमध्ये जे. कृष्णमूर्तींच्या केंद्रात जाता येतं. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात त्यांची व्याख्यानं ऐकलेली पिढी अजून आहे, आणि राजगुरुनगरजवळची सह्याद्री स्कूल त्यांच्याच फाउंडेशनची. १९२२ साली ते या खोऱ्यात पहिल्यांदा आले आणि १९८६ साली इथेच त्यांचा देह पडला. ज्या पेपर ट्रीखाली (पेपर म्हणजे मिरी, कागद नव्हे) ते १९२२ मध्ये बसले होते ते झाड केंद्राच्या आवारात आहे. ग्रंथालयात वाचत बसता येतं. मुलांना आवाज कमी ठेवायला सांगा.

नकाशाबद्दल एक सूचना. ओहायमध्ये ‘ओक ग्रोव्ह’ नावाची शाळा आहे, १९७५ची. आणि डिस्क गोल्फचा ‘ओक ग्रोव्ह’ कोर्सही १९७५चाच, पण तो पॅसाडीनाजवळच्या ला कन्याडाला, हाहामोंगना पार्कमध्ये, दीड-दोन तासांवर. फोनमध्ये शोधताना ‘हाहामोंगना पार्क’ असं लिहा.

ओक ग्रोव्हला जायलाच हवं असं का म्हणतात? कोर्स तर साधाच दिसतो.

कारण कायमचा म्हणून बांधलेला जगातला पहिला डिस्क गोल्फ कोर्स हा आहे. एड हेड्रिक हे व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीत काम करायचे. फ्रिस्बीच्या पाठीवर ज्या बारीक गोल रेघा असतात त्या त्यांनी आणल्या, त्यामुळे ती स्थिर उडायला लागली. त्याचं पेटंट १९६७चं. १९७५ साली त्यांनी या ओकच्या झाडांखाली १८ होल आखले. तेव्हा बास्केट नव्हतीच, खांब रोवले होते आणि डिस्क खांबाला लागली की झालं. पण लागली की नाही यावर वाद व्हायचे, म्हणून पुढे साखळ्या आणि टोपली आली. आज जगभर जी बास्केट दिसते तिची सुरुवात तिथून. १९७६ साली पीडीजीए ही खेळाची संघटनाही त्यांनीच स्थापन केली. २००२ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क तयार केल्या गेल्या.

हे सगळं माहीत नसेल तर हा कोर्स म्हणजे कोरड्या ओढ्याकाठची धुळीची बाग वाटेल. माहीत असेल तर पहिल्या टीवर उभं राहताना आपसूक टोपी काढावीशी वाटते. माझ्या मुलाला मी रात्री हॉटेलात हे सांगितलं होतं. सकाळी त्याने पहिली फेक बास्केटवर मारलीच नाही, एका जुन्या ओकच्या खोडावर हळूच मारली. म्हणाला, “आधी असंच खेळायचे ना?”

ओक ग्रोव्हच्या आसपास काय पाहावं?

खूप आहे, आणि म्हणूनच पॅसाडीनाला दोन रात्री ठेवा. बागेला लागूनच नासाची जेपीएल ही प्रयोगशाळा आहे. याच अरोयो सेको या ओढ्याच्या पात्रात १९३६ साली कॅलटेक या विद्यापीठाच्या मुलांनी रॉकेट मोटरची चाचणी घेतली आणि त्यातून पुढे ही प्रयोगशाळा उभी राहिली. मंगळावरच्या गाड्या इथे बनतात. आधी नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि जागा पटकन भरतात, म्हणून प्रवास ठरला की पहिलं काम हेच करा.

डेस्कान्सो गार्डन्स काही मिनिटांवर आहे. ओकच्या सावलीत कमेलियाची झाडं, हिवाळ्यात फुलांनी भरलेली. हंटिंग्टनच्या बागा आणि ग्रंथालय मंगळवारी बंद असतात. वास्तुकलेची आवड असेल तर १९०८चं गँबल हाउस. ग्रिफिथ वेधशाळेला, १९३५ पासूनच्या, प्रवेश फुकट आहे पण सोमवारी बंद. तिथे सूर्यास्ताला जायचं असेल तर गाडी लावायला जागा मिळायचा वेळ धरून निघा.

एक विनंती. शेजारच्या अल्टाडीनामधली शेकडो नव्हे, हजारो घरं जानेवारी २०२५च्या ईटन वणव्यात जळाली. ती जळकी वस्ती बघायला गाडी फिरवू नका. तिथल्या दुकानात चहा घ्या, काही विकत घ्या, ते जास्त उपयोगाचं.

चार दिवस बाहेरचं खाऊन सगळे कंटाळलेत. आता?

ला मिराडाला खेळा आणि आर्टिशियाला जेवा. ला मिराडा रीजनल पार्कमधला कोर्स या भागातल्या सगळ्यात जुन्या कोर्सपैकी आहे. तिथून थोड्याच मैलांवर आर्टिशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड, म्हणजे लॉस एंजेलिसचं ‘लिटल इंडिया’. थाळी, चाट, मिठाई, साड्या, देवाच्या मूर्ती, सगळं एका रस्त्यावर. पुढच्या दिवसांसाठी शिदोरीही इथे भरून घेता येते.

त्याआधीच्या दिवसांसाठी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या तीन दिवस सहज टिकतात, खेळताना एका हाताने खाता येतात आणि बागेतल्या बाकावर पसारा होत नाही. बरोबर मेतकूट आणि तूप असेल तर हॉटेलातल्या मायक्रोवेव्हमध्ये भात करून घेता येतो. मधल्या पट्ट्यात शाकाहारी माणसाला कॅस्ट्रोव्हिलची तळलेली आर्टिचोक आणि डेव्हनपोर्टजवळच्या शेतातली स्ट्रॉबेरी आठवणीत राहते.

सॅन डिएगोला किती वेळ द्यावा?

एक दिवस पूर्ण. मोर्ली फील्ड हा कोर्स बाल्बोआ पार्कमध्येच आहे, इथे खेळायला पैसे द्यावे लागतात. १९१५च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या स्पॅनिश धाटणीच्या इमारती, संग्रहालयं आणि प्राणिसंग्रहालय त्याच बागेत, त्यामुळे गाडी हलवायला नको.

किनाऱ्यावर वारा असतो. डिस्क भरकटते. काय करावं?

उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क शेवटी डावीकडे वळते. समोरून वारा असेल तर ती उचलली जाते आणि उजवीकडे कलते, मागून असेल तर लवकर खाली बसते. समोरच्या वाऱ्यात जड, स्थिर डिस्क घ्या आणि कमी उंचीवरून जाईल अशी फेका. प्रवासात नवीन हलक्या डिस्कचे प्रयोग नकोत. आणि डिस्क बंद गाडीत उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका, वाकड्या होतात.

कुठल्या महिन्यात जावं?

सप्टेंबर-ऑक्टोबर. मे-जूनमध्ये दक्षिणेत सकाळभर मळभ असतं, जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेत धुकं आणि गर्दी. शाळेमुळे उन्हाळाच मिळत असेल तर जूनचा शेवट बरा.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं कोर्सवर आली तर त्यांनी कुठे उभं राहायचं?

नेहमी फेकणाऱ्याच्या मागे. पावणेदोनशे ग्रॅमची डिस्क जोरात डोक्याला लागली तर इजा होते. कुणी “फोर!” असं ओरडलं की वर बघायचं नाही, डोकं झाकून खाली वाकायचं. आपल्यामागे दोघातिघांचा वेगवान गट आला तर थांबून त्यांना पुढे जाऊ द्या. दुसऱ्याच्या फेकीच्या वेळी बोलणं थांबवा. सासूबाईंनी हे एकदा सांगितल्यावर पाळलं, मुलांना मात्र दर होलला आठवण करावी लागते.

डिस्क हरवली आणि पुढच्या गावी निघायचं आहे. सोडून द्यायची का?

पाच मिनिटं शोधा, मग निघा. पण प्रत्येक डिस्कच्या आतल्या बाजूला कायमच्या शाईने फोन नंबर लिहिलेला असू द्या. ज्याला सापडते तो बहुतेक वेळा मेसेज करतो, ही या खेळातल्या माणसांची जुनी रीत आहे. आमची एक निळी डिस्क डेलाव्हेगाला झाडीत राहिली होती. आम्ही सॅन डिएगोहून परतायच्या आत तिचा फोटो आला, आणि ज्याला ती सापडली त्याने ती परतीच्या वाटेवर घ्यायला आमच्यासाठी जपून ठेवली होती. सासूबाईंनी त्याला आर्टिशियाहून आणलेल्या सोनपापडीचा अख्खा डबा दिला.